आधी मापाची वही, मग मशीन : आपत्तीनंतर नातेवाइकाचा धंदा पुन्हा उभा करताना

मामेभावाच्या शिलाईच्या दुकानात पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी दुसऱ्या गावी होतो. बातमी कळली त्याच आठवड्यात नवीकोरी मशीन घेतली आणि त्याच्याकडे पाठवून दिली. मोठं काम केल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी स्वतः गेलो तर मशीन खोक्यातच, पलंगाखाली सरकवलेली. दुकानात वीज आलेली नव्हती, टेबलाची फळी फुगून वाकली होती, आणि मुळात मशीन ही त्याची अडचणच नव्हती. जुनी दुरुस्त होण्यासारखी होती. त्याची झोप उडवली होती ती गिऱ्हाइकांच्या कापडानं. काही नुसतं शिवायला आलेलं, काही अर्धं बेतलेलं, काही शिवून, इस्त्री करून टांगलेलं. सगळं चिखलात. कोणाचं काय, हे ज्या मापाच्या वहीत लिहिलं होतं, तिच्याही पानांचा लगदा होत आलेला.

"दादा, मशीनचं नंतर बघू. आधी लोकांना तोंड कसं दाखवायचं ते सांग," तो म्हणाला.

माझी चूक सरळ होती. काय बुडालं ते मी माझ्या मनानं ठरवलं होतं आणि तेवढंच भरून द्यायला निघालो होतो. पूर असो, भूकंप, वादळ, दरड किंवा वणवा, बुडालेल्या माणसाला मदत करायला निघालेले बहुतेक जण असंच करतात. पुढं लिहिलंय ते त्या चुकीनंतर शिकलेलं आहे. उदाहरणं दुकानाची जास्त येतील, कारण तेच मी जवळून पाहिलं.

हात लावण्याआधी

तुम्ही पोचाल तेव्हा तो बहुधा फावडं घेऊन चिखल उपसत असेल. त्याला थोडं थांबवा. आधी इमारत. भिंतीला तिरक्या भेगा, फुगवटा, कललेली चौकट दिसली तर जाणकारानं पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. भूकंपानंतर तर नाहीच, कारण मागून येणारे धक्के कच्च्या झालेल्या भिंती पाडतात. मग वीज. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायानं जाता येत नसेल तर त्याला हात लावू नका, वीज कंपनीच्या माणसाकडून पुरवठा तोडून घ्या. गॅसचा वास आला तर बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, बाहेर यायचं. जनरेटर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पूर ओसरल्यावर माणसं मरतात ती अशीही. जाड तळाचे बूट, हातमोजे घाला. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून पाहा.

मग फोटो. साफसफाई सुरू होण्याआधी. चारही कोपऱ्यांतून खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक यंत्र, त्यावरची कंपनीची आणि नंबरची पट्टी, कपाटातला माल. व्हिडिओ काढताना तारीख आणि वस्तूचं नाव तोंडानं बोला. विमा असेल तर त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्या. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा विम्याचा माणूस, येऊन जाईपर्यंत खराब माल फेकू नका. कुजायला लागला म्हणून फेकावाच लागला, तर फोटो, मोजदाद आणि थोडासा नमुना राखून ठेवा. नुकसान आणखी वाढू नये म्हणून टाकलेली ताडपत्री, पाणी उपसायचा पंप, मजुरी यांच्या पावत्याही जपा, त्याही दाव्यात मागता येतात.

साफसफाईचा क्रम एकच: आधी चिखल खरवडायचा, मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, शेवटी ब्लीच. चिखलावरच ब्लीच ओतलं तर त्याची ताकद चिखलातच संपते. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू निघतो. ओल्या वस्तूंवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून वारा खेळता ठेवणं हे साफसफाईइतकंच महत्त्वाचं.

मग गप्प बसून ऐकायचं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली आपत्तीग्रस्तांना मानसिक आधार देणाऱ्यांसाठी तीन शब्दांची शिस्त सांगितली: पाहा, ऐका, जोडून द्या. तिसऱ्या शब्दाचा अर्थ असा की जिथून खरी मदत मिळेल, तिथवर माणसाला पोचवायचं. नातेवाईक म्हणून आपण हे तिन्ही वगळून थेट चौथ्याच गोष्टीवर जातो, ती म्हणजे सल्ला.

"जीव वाचला ना, मग झालं तर" हे वाक्य टाळा. ते खरं असतं, पण ज्याची वीस वर्षांची मेहनत वाहून गेली त्याला त्याचा अर्थ "आता रडू नकोस" एवढाच लागतो. "तरी मी सांगत होतो ती जागा खोलगट आहे" हे तर गिळूनच टाका. त्यापेक्षा कामाचे प्रश्न विचारा. या महिन्यात कोणाला पैसे द्यायचेत? कोणाचा फोन घ्यायची भीती वाटते? उद्या सकाळी एकच गोष्ट जागेवर आलेली पाहिजे असेल, तर कोणती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खरा गुंता दाखवतं.

पहिल्या काही आठवड्यांत जमीन विकणं, धंदा बंद करणं, गाव सोडणं असे परत न फिरवता येणारे निर्णय पुढं ढकलता येत असतील तर ढकला. याच दिवसांत पडत्या किमतीला जागा आणि जनावरं मागणारे दारात येतात. "घरच्यांशी बोलून महिन्यानं सांगतो" हे उत्तर त्याच्या तोंडी बसवून द्या. "घरचे" म्हणजे तुम्ही. नातेवाइकाचा हाही एक उपयोग असतो.

झोप नाही, जेवण नाही, दारू वाढलीय, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलणं कानावर आलं, तर सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या. त्याला एकटं सोडू नका.

तीन रकान्यांची वही

आता वही घ्या. साधी, रेघांची. त्याच्याच हातानं लिहू द्या. त्याच्या बायकोला किंवा जो कोणी घरखर्च चालवतो त्याला शेजारी बसवा, कारण उधारी-उसनवारीचा खरा आकडा अनेकदा तिथंच असतो.

पहिल्या रकान्यात काय गेलं. दुसऱ्यात काय उरलं, आणि यात नुसत्या वस्तू नकोत: हातातलं कसब, ओळखीची गिऱ्हाइकं, उधार देणारा व्यापारी, कामाला येणारा मुलगा, चालू असलेला फोन नंबर, हे सगळं उरलेलंच आहे. मामेभावाच्या वहीत हा रकाना सुरुवातीला कोराच होता. मी "कात्री?" विचारलं. कात्री होती. "हात?" त्यावर तो पहिल्यांदा हसला. तिसऱ्या रकान्यात देणं-घेणं. घेणं विसरू नका. आपत्तीत माणूस स्वतःचं देणं रात्रंदिवस मोजतो आणि लोकांकडून येणारे पैसे मागायला लाजतो.

याच रकान्यात दुसऱ्याच्या मालाची वेगळी यादी करा. शिंप्याकडचं कापड, मेकॅनिककडची गाडी, सोनाराकडचा दागिना, छापखान्यातले कागद, हे नुकसान दुहेरी असतं: वस्तू गेली ती लोकांची आणि विश्वास गेला तो आपला. विमा असला तरी आपल्या ताब्यातला लोकांचा माल त्यात धरलेला आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. सगळ्या पॉलिसींत तो नसतो.

त्यानंतर फक्त पुढच्या तीन महिन्यांचा हिशोब मांडा, आठवड्याआठवड्यानं. घराला किमान किती लागतं, हप्ते किती, भाडं किती. वर्षभराची योजना आत्ता कोणी मागितली तर तिला हो म्हणा आणि बाजूला ठेवा.

भिजलेली वही

मापाची वही आम्ही कशी वाचवली ते जरा सविस्तर सांगतो, कारण खातेवही, करारपत्रं, प्रमाणपत्रं सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

ओली वही उघडायची घाई केली की पानं फाटतात. चिखल लागला असेल तर ती मिटलेलीच ठेवून, घट्ट धरून, स्वच्छ पाण्यात हलकेच विसळायची. मात्र शाई पसरताना दिसली तर विसळायचं नाही. मग दहा-पंधरा पानांमागं एक कोरा टिपकागद किंवा न छापलेला साधा कागद घालायचा, आणि तो ओला झाला की बदलत राहायचं. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. उन्हात नाही, सावलीत आणि पंख्याच्या वाऱ्यात. इस्त्री फिरवायचा मोह आवरा. कागद खूप असतील आणि दोन दिवसांत सगळ्यांकडे बघता येणार नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून जिथं वीज असेल तिथल्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या. गोठलं की बुरशी थांबते, शाईही पसरत नाही; नंतर सवडीनं थोडे थोडे काढून वाळवता येतात. बॉलपेनचं लिखाण बहुतेक टिकतं, पाण्यानं विरघळणारी शाई जाते. थर्मल कागदावरच्या पावत्यांचा मात्र लगेच फोटो काढा, त्या भिजल्या नाहीत तरी पुसट होतात.

सुटलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढत गेलो. मामेभाऊ बॉलपेननं लिहायचा हे आमचं नशीब. निम्म्याहून जास्त नावं निघाली.

कागदांची पळापळ तुम्ही घ्या

लांबून पैसे पाठवण्यापेक्षा सगळ्यात उपयोगी पडणारी मदत ही असते, आणि ती करायला सगळ्यात कमी माणसं पुढं येतात. रांगा, अर्ज, प्रती, फोन. खचलेल्या माणसाला एक अर्ज परत आला की तो दुसऱ्यांदा जात नाही. एक फाइल करा, आणि कोणत्या तारखेला कोणत्या खिडकीवर कोण काय बोललं ते तिच्यात लिहून ठेवा. ओळखपत्र आणि बँकेचे कागद आधी काढून घ्या, बाकीचे सगळे अर्ज त्यांच्यावर अडतात. सरकारी पंचनामा होत असेल तर तो हजर राहील असं बघा, आणि त्यात घराबरोबर धंद्याचं नुकसान वेगळं नोंदवलंय का ते विचारा. घरातून चालणारे धंदे हमखास सुटतात.

विम्यात एक खाच असते, ती आधीच कळलेली बरी. माल दहा लाखांचा होता, विमा पाच लाखांचाच काढला होता आणि नुकसान चार लाखांचं झालं, तर अनेक पॉलिसींत चार मिळत नाहीत, दोन मिळतात. विमा निम्मा, म्हणून भरपाईही निम्मी. शिवाय भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं की घसारा (वापरानं उतरलेली किंमत) कापून, हेही पॉलिसीत लिहिलेलं असतं. आकडा पटला नाही तर "फुल अँड फायनल"च्या कागदावर घाईनं सही करू नका. लेखी कारण मागा, लेखी हरकत घ्या.

कर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यावर नव्हे. मुदत वाढवून मागा. पण हप्ते पुढं ढकलले म्हणजे माफ झाले नाहीत. व्याज बहुधा चालूच राहतं, म्हणून ढकलल्यानंतर एकूण किती भरावे लागतील हे विचारूनच सही करा.

"मदत मंजूर झालीय, आधी एवढे पैसे भरा" म्हणणारा माणूस ठग असतो, अपवाद नाही.

यंत्र: विकत घेण्याआधी उघडून बघा

पाण्यात बुडालेलं यंत्र चालतंय का हे बघण्यासाठी प्लग लावणं, ही सगळ्यात महागडी चूक. वाचण्यासारखी मोटर त्या एका सेकंदात जळते.

शिलाई मशीनचं सांगतो. पट्टा काढला, मोटर वेगळी केली आणि वाइंडिंगवाल्याकडे दिली. तो ती वाळवतो आणि मेगर नावाच्या मीटरनं तारांवरचं इन्सुलेशन तपासतो, ते पास झालं तरच वीज. मशीनचं लोखंडी धड राहिलं. सुईखालची पट्टी, बॉबिन केस, शटल सुटं केलं. आत चहाच्या गाळासारखा बारीक चिखल बसला होता. आधी स्वच्छ पाणी, मग कापडानं कोरडं, मग रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, दारं उघडी आणि जवळपास आग नाही. रॉकेल पुसून प्रत्येक छिद्रात मशीनचं तेल. मग चाक हातानं फिरवायचं. पहिल्यांदा हललंच नाही. तेल, थांबणं, पुन्हा थोडं मागं-पुढं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एक पूर्ण फेरा फिरलं. तो आवाज ऐकायला त्याची मुलगी पण येऊन उभी राहिली.

पाणी समुद्राचं असेल तर वेळ फार कमी असतो. मीठ वाळण्याआधी गोड्या पाण्यानं धुतलं नाही तर गंज थांबत नाही. भिजलेले सर्किट बोर्ड, ब्रेकर, वायरिंग यांवर मात्र जीव लावू नका. बदला.

पैसे देणारं पहिलं काम

इथं माझं ठाम मत आहे. दुकान पूर्ण उभं करून मग धंदा सुरू करायचा, असं करू नका. धंद्याचा लहानात लहान तुकडा आधी चालू करा, मग तो ताडपत्रीखाली असो की दुसऱ्याच्या ओसरीवर.

१७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात जपानमधलं कोबे बंदर मोडलं. तेव्हा ते कंटेनरच्या उलाढालीत जगात सहावं होतं. साधारण दोन वर्षांत धक्के दुरुस्त झाले, पण तोवर जहाजांनी दुसरी बंदरं धरली होती, आणि ते स्थान कोबेला परत मिळालं नाही. बंदराची ही गत, तर कोपऱ्यावरच्या दुकानाचं काय? गिऱ्हाईक वाट बघतं, पण त्याला काहीतरी सांगितलं तरच.

म्हणून आम्ही वाचलेल्या पानांवरून एकेकाला फोन केले. फोन त्यानंच केले, मी नुसता शेजारी बसलो. काय खराब झालं ते स्पष्ट सांगितलं, जे धुऊन निघण्यासारखं होतं ते धुऊन परत केलं, आणि उरलेल्यांना विचारलं: पैसे हळूहळू परत देऊ की शिलाईत वळते करू? बहुतेकांनी शिलाई म्हटलं. दोघं चिडले, त्यांचे पैसे आधी दिले. त्या फोनांतूनच पहिलं काम आलं, कपडे घट्ट-सैल करून देण्याचं. आपत्तीनंतर लोकांच्या अंगावर मिळालेले, मापात नसलेले कपडे असतात. नवीन शिलाई कोणी टाकत नव्हतं, अल्टरला मात्र रांग होती. प्रत्येक धंद्यात असा तुकडा असतो. सुताराला दारं-खिडक्या, इलेक्ट्रिशियनला तपासणी, खानावळीला मजुरांचे डबे. तो शोधा.

उलट बाजूचं उदाहरण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरचं. श्रीलंकेत आणि इंडोनेशियातल्या आचेमध्ये अनेक संस्थांनी होड्या वाटल्या. काही किनाऱ्यांवर लहान होड्या गेल्या होत्या त्याहून जास्त झाल्या, काही इतक्या कच्च्या की समुद्रात नेण्यासारख्या नव्हत्या, आणि जाळी, इंजिन, बर्फ मात्र अपुरं. माझ्या पलंगाखालच्या खोक्याची ती मोठी आवृत्ती.

शेती असेल तर घड्याळ हंगामाचं असतं. खारं पाणी शिरलेल्या शेतात लगेच बी टाकू नका. माती तपासून घ्या, आधी पाण्याला बाहेर जायला चर काढा आणि मग गोड्या पाण्यानं मीठ धुऊन जाऊ द्या. निचरा नसेल तर नुसतं पाणी सोडून मीठ जागेवरच राहतं. भिजलेलं बियाणं पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. जनावरं वाचली असतील तर पहिली मदत चाऱ्याची, कारण चाऱ्यापायी विकलेलं जनावर त्या किमतीला परत येत नाही.

तुमचे पैसे

देण्याआधी स्वतःशी ठरवा: हे बुडाले तर मी याच्याशी पूर्वीसारखा बोलू शकेन का? नाही, असं उत्तर आलं तर रक्कम कमी करा. मग स्पष्ट शब्दांत सांगा की ही मदत आहे, उसने आहेत की भागीदारी. "बघू सावकाश" हे वाक्य नाती नासवतं, कारण त्याला ते उसने वाटतात, तुम्हाला मदत, आणि दोघांच्या बायकांना तिसरंच काही. उसने असतील तर अर्ध्या पानावर लिहा आणि पहिला हप्ता कमाई सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी ठेवा. एकरकमी देण्यापेक्षा टप्प्यानं द्या, पण प्रत्येक टप्प्याला पावत्या मागत बसू नका. वस्तू द्यायचीच असेल तर कोणती, कुठून, हे त्याला ठरवू द्या. आणि सगळे नातेवाईक मिळून देत असाल तर एकानंच बोलायचं. पाच जणांना तोच हिशोब पाच वेळा सांगणं हीसुद्धा शिक्षाच.

दुकान पुन्हा लावताना भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी तिच्यावर खिळा ठोका. सगळे सॉकेट, मोटरी, मालाची खालची फळी त्या खिळ्याच्या वर. २०१५ साली जपानमधल्या सेंदाईत देशोदेशींनी मान्य केलेल्या आराखड्यात पहिल्यापेक्षा भक्कम उभारणी हे तत्त्व आहे. लहान दुकानात त्याचा अर्थ हा खिळा. त्याच जागी दुसऱ्यांदा पाणी आलं असेल तर मात्र जागा बदलण्याचं बोलणं काढा, पण पहिली कमाई हातात आल्यावर.

पहिल्या महिन्यात त्याच्याकडे माणसांची रीघ असते. चौथ्या महिन्यात कोणी नसतं, आणि खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते: मदत संपलेली, हप्ते सुरू, गिऱ्हाईक अर्धं. तुमची रजा, तुमचा फोन, थोडे पैसे त्या महिन्यासाठी राखून ठेवा. मी रविवारचा फोन ठरवून घेतला होता. धंद्याचं बोलणं दहा मिनिटं, बाकी काहीही.

नवी मशीन त्यानं मला विचारून दुकानदाराला परत केली आणि त्या पैशांत जुनी ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारी मशीन, घेतली. मापाची वही आता खिळ्याच्या बऱ्याच वर, माळ्यावर असते, आणि दर शनिवारी रात्री त्या आठवड्याच्या पानांचे फोटो माझ्या फोनवर येतात. गेल्या शनिवारी नऊ पानं होती.